लाईट गेली तरी फोन चालतो

माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात वायरी ओढण्यात गेली. कागदावर हुद्दा मेकॅनिकचा, पण कोल्हापुरात आम्हाला सगळे वायरमनच म्हणायचे. विजेच्या ऑफिसातून येणारा तोही वायरमनच. त्यामुळे कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की लोक आधी विजेच्या मीटरकडे बोट करायचे. मग मी सांगायचो, मी लाईटवाला नव्हे, फोनवाला. लाईटचा आणि फोनचा काही संबंध नसतो. हे वाक्य मी किती घरांत बोललो असेन त्याचा हिशेब नाही, आणि त्याच वाक्यानं शेवटी माझी फजिती केली. फजिती हा शब्द तसा फार हलका झाला, पण दुसरा सुचत नाही.

नव्वदच्या दशकात फोनसाठी लोक वर्षानुवर्षं थांबायचे. नंबर लागला आणि आम्ही वायरचं भेंडोळं घेऊन गल्लीत शिरलो की पोरं मागं लागायची. फोनला हळदकुंकू लावायचे, पेढे वाटायचे. एका घरी तर जावयाच्या आधी मला पाट मांडला होता. आज हे कुणाला खरं वाटणार नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या फोनला तांब्याच्या दोन तारा असत. त्या घरापासून निघून खांबावरून, जमिनीखालून थेट एक्स्चेंजमध्ये जात. तिथं एका खोलीत माणसाच्या कमरेएवढ्या बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या असत आणि त्यांचा करंट त्याच दोन तारांतून घराघरांत जाई. तुमचा फोन चालायचा तो एक्स्चेंजच्या करंटवर. घरची लाईट असो नसो, फोनला त्याचं सोयरसुतक नव्हतं. हा करंट तसा गरीब. आम्ही बोट ओलं करून तारेला लावायचो, मुंग्या आल्या की लाईन चालू. पिशवीतलं तपासायचं मीटर काढायचा कंटाळा. पण त्याच वेळी कुणी त्या नंबरावर फोन केला तर रिंगचा करंट यायचा, आणि तो अजिबात गरीब नसायचा. शाहूपुरीत एकदा मी खांबावर असताना एका बाईंच्या माहेरचा फोन आला. खाली उतरल्यावर त्या म्हणाल्या, वायरमन, नाचताय कशाला?

माझी तीन वर्षं गगनबावड्याला गेली. तिथला पाऊस कोल्हापुरातल्या माणसाला सांगून कळत नाही. एका वर्षी झाडं पडून नऊ दिवस लाईट नव्हती. एक्स्चेंज म्हणजे एक खोली, आत बॅटऱ्या आणि त्या भरायला एक डिझेल इंजिन. ते इंजिन मी नऊ दिवस पाळण्यातल्या पोरासारखं सांभाळलं. सहाव्या की सातव्या दिवशी दवाखान्यातल्या कंपाउंडरनं तिथल्या फोनवरून कोल्हापूर लावलं आणि अडलेल्या बाळंतिणीसाठी गाडी मागवली. बाई वाचली, मूलही वाचलं. कंपाउंडर दुसऱ्या दिवशी भिजत एक्स्चेंजवर आला आणि म्हणाला, "सगळा तालुका अंधारात हाय, आणि तुमचा फोन तेवढा चालू हाय." मी काहीच केल्यासारखं न दाखवता इंजिनात डिझेल ओतत राहिलो, पण आतून फुगलो होतो.

तेव्हापासून ते वाक्य मी छाती पुढे काढून बोलायला लागलो. लाईट गेली तरी फोन चालतो. पुढं लोडशेडिंगची वर्षं आली. रोज ठरल्या वेळी लाईट जायची, वेळापत्रक पेपरात यायचं, बायका त्यावर मिक्सर आणि पाण्याची मोटर बेतायच्या. नवा फोन लावून झाला की मी रिसीव्हर घरातल्या बाईच्या कानाला लावायचो आणि ते वाक्य म्हणायचो. त्या वाक्याशिवाय काम पुरं झाल्यासारखं वाटायचं नाही.

मग दोन हजारचं दशक संपता संपता फायबर आलं.

एक्स्चेंज ते एक्स्चेंज फायबर आधीच होतं. पण ते साहेब लोकांचं काम, आम्ही फक्त खड्डा खणून घ्यायचो. आता ते घरात न्यायचं म्हणाले. आम्हा जुन्या मंडळींना एक दिवसाच्या प्रशिक्षणाला बसवलं. शिकवायला आलेले साहेब तरुण होते, भराभर इंग्रजी बोलत होते आणि पडद्यावर चित्रं दाखवत होते. मला एवढं कळलं की आत केसासारखी काच आहे आणि तिच्यातून करंट जात नाही, उजेड जातो. त्या उजेडातूनच फोन आणि इंटरनेट दोन्ही येतं. काच वाकते कशी, हे मी विचारलं. सगळे हसले. मग मी पुढचे प्रश्न पोटातच ठेवले.

गोंधळ असा की हातांना काही कळेना. तांब्याची तार सोलली, पिळली, बोट लावलं की ती बोलायची. ही काच बोलत नाही. जोडायला वेगळं मशीन, उजेड मोजायला वेगळं यंत्र, आणि तुकडा बोटात घुसला तर दिसतही नाही. सवयीनं मी बोट ओलं करून टोकाशी नेलं, तर शेजारचा सहकारी ओरडला. राजारामपुरीतल्या एका शिंप्यानं मला विचारलं, वायरीतून उजेड जातोय म्हणता, मग ती बाहेरून चमकत का नाही? मी म्हटलं, बघून सांगतो. आणि खरंच ऑफिसातली एक खोली बंद करून, अंधार करून मी बघत बसलो. काही चमकलं नाही. तो उजेड डोळ्याला दिसणारा नसतो हे नंतर कळलं. शिंप्याला मी आजतागायत काही सांगितलेलं नाही.

अशा अवस्थेत मी मगदूमांच्या घरी गेलो.

राजारामपुरीतल्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर अप्पा आणि अक्का मगदूम दोघंच राहायची. मूळची सीमेवरच्या एका गावची लिंगायत मंडळी. अप्पांचं भांड्यांचं दुकान होतं, ते भाड्यानं देऊन ते घरी बसले होते. त्यांच्याकडचा तांब्याचा फोन मीच पंधरा वर्षांपूर्वी लावला होता, त्यामुळे मी त्या घरात परका नव्हतो. मुलगा बेंगळुरूला बँकेत. त्याला आईवडिलांशी कॉम्प्युटरवर तोंड बघून बोलायचं होतं, म्हणून त्यानं तिकडूनच फायबरचा अर्ज भरला होता. जुना नंबर फायबरवर जाणार होता आणि तांब्याची तार काढून घ्यायची असा हुकूम होता.

अक्का सत्तरीच्या, ताठ, कपाळाला विभूती. त्यांनी मला सकाळी अकरापासून काम करताना पाहिलं आणि तार काढायला शिडी लावल्यावर त्या आडव्या आल्या.

"जुनी वायर ऱ्हाऊ दे की. काय खाती व्हय ती?"

मी म्हटलं, खात्याचा नियम आहे.

"मग लाईट गेल्यावर? अप्पांचं ब्लड प्रेशर हाय. डॉक्टरला फोन मीच करती."

मी हसलो. शिडीवरून, वायरकटर हातात घेऊन मी हसलो, हे मला आजही दिसतं. म्हटलं, "अक्का, पंधरा वर्षं झाली, एकदा तरी लाईटमुळं तुमचा फोन बंद पडला का? लाईट गेली तरी फोन चालतो. मी सांगतोय न्हवं?"

त्या बाजूला झाल्या. मी तार कापली.

फायबर एका पांढऱ्या पेटीत यायचं आणि पेटीतून फोनला व कॉम्प्युटरला वायर जायची. त्या पेटीला वीज पुरवणारा दुसरा एक डबा होता, तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा. मी तोही खोचला. त्या डब्यात एक रिकामा कप्पा होता, साबणाच्या वडीएवढा. कशाचा ते कळलं नाही. ऑफिसात विचारावं असं मनात आलं, पण प्रशिक्षणातलं ते हसू आठवलं. आम्हा वायरवाल्यांची एक खोड असते, रिकामी जागा दिसली की उरलेली वायर तिथं गुंडाळून ठेवायची, म्हणजे पुढं लागली तर सापडते. मी फोनच्या वायरीचं उरलेलं टोक छान गोल गुंडाळलं आणि त्या कप्प्यात बसवलं. झाकण लावलं. अक्कांच्या कानाला रिसीव्हर लावला, टोन आला, चहा झाला, निघालो.

महिन्याभरानं बेंगळुरूहून तक्रार आली की मगदूमांचं इंटरनेट संथ आहे. मी सकाळी गेलो तर दारातच घर बदललेलं दिसलं. हॉलमध्ये लोखंडी पलंग टाकलेला आणि त्यावर अप्पा, उजवी बाजू लुळी, तोंड किंचित वाकडं. ते मला ओळखून काही बोलायला गेले, पण शब्द उमटला नाही. खोलीच्या एका कडेला खोकी रचलेली होती, अर्धी भांडी त्यांत भरून झाली होती.

अक्कांनी सांगितलं ते असं. मी फोन लावून गेल्यानंतर दहा-बारा दिवसांनी, सकाळी अप्पा अंघोळ करून लिंगपूजेला बसले होते आणि बसल्या जागीच कलंडले. लाईट गेलेली. अक्का फोनकडे धावल्या. डॉक्टरांचा नंबर त्यांना पाठ, त्यांनी फिरवला. लागला नाही. परत फिरवला, परत नाही. मुलानं दिलेला मोबाईल कपाटात होता, त्यात चार्जिंग नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मग त्या जिना उतरून रस्त्यावर गेल्या. डॉक्टर नंतर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बोलणं कदाचित वाचलं असतं.

"मुलगा आला, त्यानं फोन लावून बघितला. चांगला चालतोय," अक्का म्हणाल्या. "मलाच लावता आला न्हाय. हात कापत हुतं, नंबर चुकला असंल. सून म्हणती, अत्ती आता घाबरत्यात, त्यास्नी एकटं ठेवायला नको. रविवारी न्यायला येणार हाईत. घर बंद."

अत्ती म्हणजे कानडीत सासू. अक्का हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या. गुन्हा कबूल केलेल्या माणसाचा तो आवाज होता. मी विचारलं, फोन कानाला लावला तेव्हा टोन होता का? त्या म्हणाल्या, काहीच ऐकू आलं नाही, पण त्या घाईत मला तरी काय कळतंय?

मी गोंधळलो. टोन नाही म्हणजे लाईन बंद. पण लाईन बंद पडल्याची नोंद कुठं नव्हती. मी रिसीव्हर उचलला, टोन खणखणीत. उजेड मोजला, बरोबर. जोड तपासला, गच्चीवर जाऊन वायर पाहिली, उंदरानं कुरतडली असेल म्हणून जिन्यातली पट्टी उघडली. कुठं काही नाही. माझ्या मनातसुद्धा येऊन गेलं की अक्कांचाच नंबर चुकला असणार. हे लिहायला लाज वाटते, पण आलं.

मी पेटीसमोर मांडी घालून बसलो होतो. पेटीवर हिरवे दिवे लुकलुकत होते. आणि पंखा थांबला. ठरल्या वेळी लोडशेडिंग सुरू झालं होतं. माझ्या डोळ्यांसमोर पेटीवरचे दिवे एकदम गेले.

मला लगेच कळलं नाही. मी त्या विझलेल्या पेटीकडे बघत राहिलो. मग हात आपोआप रिसीव्हरकडे गेला. कानाला लावला. आत काही नव्हतं. टोन नाही, खरखर नाही, तांब्याच्या लाईनीत असते ती बारीक कुजबुजसुद्धा नाही. मी फोनचा खटका दाबून सोडला, पुन्हा ऐकलं. मग डब्याचं झाकण उघडलं आणि माझ्याच हातानं गुंडाळलेली वायर छान गोल बसलेली दिसली. कप्प्याच्या तळाशी अधिक-उण्याच्या दोन खुणा होत्या. तो बॅटरीचा कप्पा होता.

काचेतून उजेड येतो, करंट येत नाही. एक्स्चेंजच्या बॅटऱ्या कितीही मोठ्या असल्या तरी त्यांचा करंट आता या घरापर्यंत पोचणारच नव्हता. घरची लाईट गेली की पेटी गेली, पेटी गेली की फोन गेला. लाईट नसताना फोन लावायची वेळ त्या घरात तोवर एकदाच आली होती. त्या कप्प्यात बॅटरी असती तर काही तास निभावलं असतं. आमच्याकडे आलेल्या पहिल्या मालाबरोबर बॅटऱ्या आल्याच नव्हत्या, हे मी नंतर ऑफिसात खोदून विचारल्यावर कळलं. प्रशिक्षणात साहेबांनी हे सांगितलंही असेल. मी त्या वेळी काचेच्या वाकण्याचा विचार करत असेन. कोण जाणे.

त्या क्षणी मला पळून जावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू? झाकण लावायचं, इंटरनेट ठीक आहे म्हणून सही घ्यायची, जिना उतरायचा. कुणाला कधी कळलं नसतं. अक्का रविवारी बेंगळुरूला गेल्या असत्या आणि आपलाच नंबर चुकला असं समजत राहिल्या असत्या. मी वीस वर्षांत नंबर चुकवणारी शेकडो माणसं पाहिली होती, अक्का त्यांतल्या नव्हत्या. त्या दर वर्षी नव्या कॅलेंडरच्या मागं सगळे नंबर स्वतःच्या हातानं लिहायच्या, आणि ते कॅलेंडर कधी उलटून बघायच्या नाहीत.

मी उठून म्हणालो, "अक्का, तुमचा नंबर चुकला न्हाई. फोनच बंद होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला, पहिल्या दिवशी लावला होता तसा. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"तुमी म्हणालता की, लाईट गेली तरी चालतोय."

"म्हणालो होतो. मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना बोललो आणि तुमची तार कापली. चूक माझी आहे."

त्या ओरडतील, रडतील, हाकलून देतील असं वाटलं होतं. त्या सरळ पलंगाकडे गेल्या आणि अप्पांच्या कानाशी वाकून कानडीत काही सांगू लागल्या. मला कानडी येत नाही. फोन आणि लाईट एवढे दोनच शब्द कळले, ते त्यांनी पुन्हा पुन्हा उच्चारले. अप्पांनी डावा हात उचलून त्यांच्या हातावर ठेवला. तेव्हा मात्र अक्का रडल्या, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "ह्ये माझ्या लेकाला सांगा."

मी खिशातला मोबाईल काढला. त्यांनी हात आडवा केला.

"त्यावरनं न्हाय. ह्यावरनं. मी लावती."

मी म्हटलं, लाईट यायला अडीच तास आहेत. त्या म्हणाल्या, बसा.

मी बसलो. ऑफिसात आणखी चार तक्रारी माझी वाट बघत होत्या, तरी बसलो. अक्कांनी गॅस पेटवला, भाकरी केल्या, मला वाढलं. मीच मध्ये विचारलं, त्या दिवशी रस्त्यावर गेल्यावर पुढं काय केलंत? त्या म्हणाल्या, काय करणार, रिक्षा आडवी घातली, रिक्षावाल्याला आणि औषधाच्या दुकानातल्या माणसाला वर आणलं, अप्पांना खुर्चीत बसवून तिघांनी खुर्ची खाली नेली. तिघांनी म्हणजे तिसरं कोण, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढची भाकरी मुकाट खाल्ली.

या प्रकारानंतर निवृत्त होईपर्यंत मी फायबर लावायला ज्या घरी गेलो तिथं पहिलं वाक्य हेच बोललो, की लाईट गेली की हा फोन जातो, जवळ चार्ज केलेला मोबाईल ठेवा. लोकांना ते आवडायचं नाही. एक गृहस्थ म्हणाले, मग हे सुधारलं की बिघडलं? वेग पाहिला तर सुधारलंच आहे. पण नऊ दिवसांच्या अंधारात गगनबावड्यात जे चालू राहिलं, ते आम्हीच कापून भंगारात घातलं, हेही खरं आहे. मगदूमांच्या डब्यात बॅटरी बसवायला मला ऑफिसात चौदा फेऱ्या माराव्या लागल्या. ती बसवल्याशिवाय मी दुसरं फायबर लावणार नाही म्हटल्यावर ती आली.

तर त्या दिवशी दुपारी पंखा फिरला. पेटीवरचे दिवे एकेक करून लागले, सगळे हिरवे व्हायला दोन-तीन मिनिटं गेली. अक्का फोनसमोर उभ्याच होत्या. मी मान हलवल्यावर त्यांनी रिसीव्हर उचलला, टोन ऐकला आणि बेंगळुरूचा लांबलचक नंबर कॅलेंडरकडे न बघता दाबला. हात कापत नव्हता. पलीकडे रिंग गेली तशी त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मी त्यांच्या मुलाला सगळं सांगितलं. कप्पा, वायर, मी दिलेली खात्री, काही वगळलं नाही. तो आधी चिडला, माझं नाव विचारलं, वर तक्रार करीन म्हणाला. मी नाव सांगितलं आणि करा म्हटलं. मग हळूच म्हणाला, म्हणजे आईनं त्या दिवशी बरोबर लावला होता?

"बरोबर लावला होता. फोन मेलेला असताना दुसऱ्या मजल्यावरून खुर्ची खाली आणली त्यांनी. खुर्चीचा एक पाय त्यांच्या हातात होता."

अक्कांनी माझ्या हातून रिसीव्हर घेतला. खोक्यांकडे एकदा पाहिलं, पदर खांद्यावर नीट केला.

"रविवारी ये," त्या मुलाला म्हणाल्या. "जेवाय ये. न्यायला न्हवं."